काकूंचा ‘हमिंगबर्ड’ आणि टोमॅटोचा खराटा

हे प्रकरण अमेरिकेच्या पूर्व भागातल्या एका घरामागच्या बागेचं आहे. बाग लहानशीच. कुंपणावर हनीसकलचा वेल, त्याच्या पायथ्याशी पांढऱ्या पेटूनिया आणि गुलबाक्षी, आणि तिथून चार पावलांवर टोमॅटोची एक रांग. रांगेच्या टोकाला दोन वांगी. बाग काकूंची, पाणी घालायचं काम काकांचं. जुलै संपत आला तसे दोन झाडांचे शेंडे बोडके झाले. पानं नाहीत, फक्त देठ आणि मधल्या जाड शिरा शिल्लक. फांद्यांचा खराटा झालेला, आणि एका हिरव्या टोमॅटोला वरून खोल खळगा पडलेला. काकांचा संशय हरणावर होता, काकूंचा सशावर. हरणासाठी जाळी मागवायची तयारीही झाली होती.

त्याच दिवशी काकूंनी कौतुकाने मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवला. भर दुपारी बागेतल्याच मोनार्डा नावाच्या झाडाच्या फुलांसमोर काहीतरी हवेत जागच्या जागी थरथरतंय, फुलात तोंड घालतंय, मागे सरकतंय, पुढच्या फुलाकडे जातंय. ‘‘हमिंगबर्डचं पिल्लू आहे रे, रोज येतं,’’ काकू म्हणाल्या. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही नव्हतं. पुढे संबंध कळला तेव्हा तो जरा जास्तच कळला, आणि खरा घोळ तिथून सुरू झाला.

आधी टोमॅटो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पाला ओढून तोडतं, त्यामुळे तुटलेली कड फाटकी, चिंध्या झाल्यासारखी दिसते. ससा देठ तिरका, सुरीने कापावा तसा साफ कापतो, पण तो जमिनीलगतच. इथे नुकसान झाडाच्या माथ्यावर होतं आणि देठ जागच्या जागी उभे होते. कोणीतरी पानाच्या कडेपासून आत खात खात मधल्या शिरेपर्यंत येऊन थांबलं होतं. खालच्या पानांवर लेंड्या पडल्या होत्या. मिरीदाण्याहून मोठ्या, काळपट हिरव्या, आणि प्रत्येकीवर उभ्या खाचा. लेंड्या सापडल्या की शोधाची दिशा ठरते. जिथे त्या पडल्या आहेत, त्याच्या सरळ वर बघायचं.

वर बघूनही अळी लगेच दिसत नाही. माणसाच्या बोटाएवढी जाड आणि जवळपास 10 सेंटिमीटर लांब वस्तू हातभर अंतरावर असताना दिसू नये हे ऐकायला खोटं वाटतं, पण तसंच होतं. ती देठाला खालून उलटी लटकलेली असते, रंग नेमका टोमॅटोच्या देठाचा असतो, आणि अंगाची उजेडाकडची बाजू किंचित गडद, सावलीकडची फिकी असल्याने तिला गोलाई असल्यासारखी वाटतच नाही. आम्ही फांदी हलवली तशी एकीने पुढचं अंग उचलून डोकं आत ओढून घेतलं आणि तशीच ताठ राहिली. या पवित्र्यामुळेच पतंगांच्या या कुळाला स्फिंक्सचं, म्हणजे माणसाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेल्या इजिप्तमधल्या पुतळ्याचं, नाव मिळालं. थोड्या वेळाने ती पुन्हा खायला लागली. पुढच्या सहा पायांमध्ये पानाची कड उभी धरायची, डोकं वरून खाली कमानीत आणायचं, पुन्हा वर न्यायचं. प्रत्येक फेरीला पानातून एक अर्धगोल कमी. काकू चष्मा सावरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘शिस्तीत खाते हं मेली.’’

ओळख पटवणं सोपं होतं. या अळ्यांच्या शेपटीकडे एक शिंग असतं, म्हणून इंग्रजीत यांना हॉर्नवर्म म्हणतात. उत्तर अमेरिकेत टोमॅटोवर त्यांच्या दोन जाती येतात. मॅन्ड्यूका क्विन्क्वेमॅक्युलाटा म्हणजे टोमॅटो हॉर्नवर्म. तिच्या दोन्ही कुशींवर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या आठ-आठ खुणा आणि शिंग निळसर काळं. मॅन्ड्यूका सेक्स्टा म्हणजे टोबॅको हॉर्नवर्म. तिच्या कुशीवर सात तिरक्या पांढऱ्या रेघा आणि शिंग लालसर. आमच्या झाडावरच्या सगळ्यांना सात रेघा होत्या. म्हणजे तंबाखूची अळी, जी टोमॅटोवर तितक्याच आनंदाने जगते. बागकाम करणारे बहुतेक लोक दोघींना टोमॅटो हॉर्नवर्मच म्हणतात, आणि उपाय एकच असल्याने त्याने काही बिघडत नाही. शिंग मऊ असतं, त्याने दंश होत नाही, त्यात विष नसतं. काकांना हे दोनदा सांगावं लागलं, कारण ते हातमोजे घालूनही पुढे यायला तयार नव्हते.

एवढं सगळं नुकसान ‘एका रात्रीत’ कसं झालं, हा काकांचा प्रश्न रास्त होता. ते एका रात्रीत झालेलं नव्हतं. मादी पानाच्या खालच्या बाजूला एकेक सुटं अंडं घालते. फिकं हिरवं, गोल, जेमतेम दीड मिलिमीटरचं. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत त्यातून अळी निघते, वजन साधारण एक मिलिग्रॅम. पुढच्या तीनेक आठवड्यांत ती चारदा कात टाकते आणि शेवटी तिचं वजन 10 ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे दहा हजार पट. पण हे खाणं सारखं वाटून झालेलं नसतं. आयुष्यभरात ती जेवढा पाला खाते, त्यातला सुमारे नव्वद टक्के शेवटच्या, पाचव्या टप्प्यात खाते. पहिले दोन आठवडे ती झाडावर असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग चार-पाच दिवसांत झाड बोडकं होतं आणि लोक हरणाला शिव्या देतात. उपाय उशिरा का सुचतात आणि सुचले तरी फुकट का जातात, त्याचं कारण याच हिशेबात आहे.

इथवर प्रकरण साधं होतं. मग काकूंनी विचारलं, ‘‘या अळीचं पुढे काय होतं?’’ मी सांगितलं की ती जमिनीत उतरते, कोष करते, आणि त्यातून राखाडी रंगाचा मोठा पतंग निघतो. तो दिवेलागणीला फुलांसमोर हवेत तरंगत मध पितो, लांबून थेट हमिंगबर्डसारखा दिसतो. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी मोबाइल पुन्हा काढला. ‘‘म्हणजे हाच? मीच याला फुलं लावून बोलावते आणि हा माझ्या टोमॅटोवर अंडी घालतो?’’ संध्याकाळपर्यंत निर्णय झालासुद्धा: मोनार्डा, पेटूनिया, गुलबाक्षी, सगळं उपटायचं. कुंपणावरचा हनीसकलही काढायचा. काकांना तो वेल तसाही आवडत नव्हता, त्यामुळे त्यांची लगेच संमती होती.

माझ्या मते या प्रकरणातला महत्त्वाचा पेच हा होता. अळ्या काढणं हे तासाभराचं काम. पण चुकीच्या पतंगाला दोषी ठरवून अख्खी बाग उपटली असती तर ते नुकसान अळ्यांनी केलेल्या नुकसानीहून कितीतरी मोठं झालं असतं.

व्हिडिओ थांबवून नीट पाहिला. भर दुपारची वेळ. पंख पारदर्शक, त्यांना तांबूस तपकिरी काठ. पाठ शेवाळी हिरवी, मागचं अंग तांबडं, टोकाला झुपक्यासारखी पसरणारी शेपटी. डोक्यावर दोन ठळक मिशा आणि फुलात शिरलेली बारीक, वाकणारी सोंड. पक्ष्याला मिशा नसतात आणि त्याची चोच गुंडाळली जात नाही. म्हणजे हा पतंगच, पण टोमॅटोवाला नव्हे. हा हेमारिस थिस्बी, इंग्रजीत हमिंगबर्ड क्लिअरविंग. कोषातून बाहेर येतो तेव्हा याच्याही पंखांवर खवले असतात. पहिल्याच उड्डाणात बरेचसे झडून जातात आणि खिडकीसारखे आरपार पंख उरतात. पंखांचा पसारा फार तर साडेपाच सेंटिमीटर, म्हणून काकूंना ते ‘पिल्लू’ वाटलं होतं. खरं तर हमिंगबर्डचं पिल्लू घरट्याबाहेर येतं तेव्हा जवळजवळ मोठ्या पक्ष्याएवढंच झालेलं असतं. एवढासा हमिंगबर्ड दिसला तर तो पतंग आहे असं धरून चालायला हरकत नाही.

हेमारिसच्या अळीलाही शेपटीकडे शिंग असतं, पण ती टोमॅटोला तोंड लावत नाही. तिचं खाणं म्हणजे हनीसकल, व्हायबर्नम, हॉथॉर्न, चेरी आणि प्लमच्या जातीची झाडं. त्यांच्यावरही ती कधी एवढ्या संख्येने येत नाही की कोणाचं लक्ष जावं. म्हणजे काकूंचा दुपारचा पाहुणा निर्दोष होता, आणि जो वेल उपटायचं ठरलं होतं तोच बहुधा त्याच्या पिल्लांचं घर होता.

अशी गफलत फार जुनी आहे. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक 1848 ते 1859 अशी अकरा वर्षं अॅमेझॉनच्या खोऱ्यात होता. हमिंगबर्ड समजून आपण अनेकदा पतंगावरच गोळी झाडली, असं त्याने लिहून ठेवलंय. तिथल्या लोकांची तर ठाम समजूत होती की एकाचं रूपांतर दुसऱ्यात होतं. साम्याचं कारण मात्र नक्कल नव्हे. लांब नळीच्या फुलातून, त्यावर न बसता मध प्यायचा तर हवेत स्थिर राहणं आणि लांब तोंड असणं या दोन्ही गोष्टी लागतात. पक्षी एका वाटेने तिथे पोचला, पतंग दुसऱ्या. बारकाईने पाहिलं तर फरक भरपूर आहेत. इथला हमिंगबर्ड सेकंदाला पन्नासच्या आसपास पंख मारतो, मॅन्ड्यूका पंचवीसच्या आसपास. आणि मॅन्ड्यूकाला उडण्याआधी फांदीवर बसून अंग थरथरवत छातीचे स्नायू तापवावे लागतात. साधारण 38 अंश सेल्सिअसला पोचल्याशिवाय तो नीट उडूच शकत नाही. थंडीच्या संध्याकाळी असा थरथरणारा पतंग पाहून लोकांना तो मरायला टेकलाय असं वाटतं.

मग दोषी कोण? त्या रात्री आम्ही तिन्हीसांजेला पेटूनियापाशी बसलो आणि तो आला. हेमारिसच्या दुप्पट, पंख पसरले की दहा-बारा सेंटिमीटर, राखाडी, खोडाच्या सालीसारखी नक्षी, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिवळे ठिपके. पंखांचा आवाज ऐकू येत होता. सोंड उलगडली की जवळजवळ अंगाएवढी लांब. पांढऱ्या फुलांमधून तो रांगेने फिरला आणि अंधारात निघून गेला. हा मॅन्ड्यूका. काकूंचं म्हणणं अर्धं खरं ठरलं होतं: संध्याकाळचा पाहुणा आणि टोमॅटोची चोर, एकाच जातीचे.

तरीही फुलं उपटू नका, असं मी सांगितलं, आणि त्याचं कारण टोमॅटोच्या फुलात आहे. त्या फुलात मध नसतोच. त्याला पतंगाची गरजही नाही. त्याचं परागण त्याच्याच फुलात, वाऱ्याने किंवा भुंग्याने फूल थरथरवल्याने होतं. म्हणजे पतंग टोमॅटोकडे जातो ते खायला नव्हे, अंडी घालायला, आणि त्यासाठी तो पानाच्या वासावर येतो. हे पतंग रात्रीत लांबवर फिरणारे आहेत. मादी शेकडो अंडी घालते आणि ती झाडाझाडांवर विखरून टाकते. कुंपणाशी चार पेटूनिया नसल्या तरी टोमॅटोचा वास सुटलेलाच असतो. फुलं काढून टोमॅटो वाचण्याची शक्यता मला तरी फार वाटली नाही, आणि फुलं गेल्याने हेमारिस, भुंगे आणि खरे हमिंगबर्ड नक्की गेले असते.

काकूंच्या पेचात एक झाडही सापडलेलं आहे, आणि त्याने काढलेला तोडगा मला या सगळ्या विषयात सर्वांत भन्नाट वाटतो. युटा राज्यातल्या ग्रेट बेसिनच्या वाळवंटात रानतंबाखूची एक जात उगवते, निकोटियाना अॅटेनुआटा. तिची पांढरी फुलं तिन्हीसांजेला उमलतात आणि गोडसर वास सोडतात. परागण मॅन्ड्यूका पतंग करतात. तेच पतंग जाता जाता पानावर अंडी घालतात आणि अळ्या झाड फस्त करतात. जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक रासायनिक परिस्थितिकी संस्थेच्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं, की अळ्यांनी खाल्लेलं झाड काही दिवसांत फुलांची वेळच बदलतं. त्यावर सकाळी उमलणारी फुलं यायला लागतात, त्यांना तो पतंग बोलावणारा वास जवळजवळ नसतो, आणि मग परागणाला येतो हमिंगबर्ड. खरा हमिंगबर्ड, जो पानावर अंडी घालत नाही.

त्याच संस्थेच्या 2001 मधल्या कामात आणखी एक गोष्ट दिसली होती. अळीने चावा घेतलेलं पान हवेत काही वास सोडतं, त्या वासावर जिओकोरिस नावाचे शिकारी ढेकूण येतात आणि पतंगाची अंडी व लहान अळ्या खातात. झाडाचे दोन्ही उपाय ठरावीक वेळचे आणि ठरावीक शत्रूपुरते आहेत. सगळी फुलं कायमची बंद करणं त्याला परवडणारं नसतं. काकूंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘झाडाला कळतं ते मला का नाही कळणार?’’ आणि फुलांचा विषय संपला. हनीसकलबद्दल काका थोडे हिरमुसले.

टोमॅटोपुरता प्रश्न उरला: फवारणी की हाताने वेचणं? काकांनी आणलेली बाटली बीटीची होती, म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जिवाणूची. निवड वाईट नव्हती. त्यातल्या प्रथिनाचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात, आतड्याला भोकं पाडतात, काही तासांत अळी खाणं थांबवते आणि दोन-चार दिवसांत मरते. माणसाच्या किंवा मधमाशीच्या पोटात ते घडत नाही. पण ते अळीच्या पोटात जावं लागतं, उन्हात काही दिवसांत निकामी होतं, आणि लहान अळीवर जसं चालतं तसं पूर्ण वाढलेल्या अळीवर चालत नाही. आमच्या अळ्या शेवटच्या टप्प्यात होत्या. आणखी दोन-तीन दिवसांत त्या आपणहून खाणं थांबवून जमिनीत उतरल्याच असत्या. तेव्हा फवारणं म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप. शिवाय एक गोष्ट अशी दिसली होती की फवारणी करू नये असंच मला वाटलं.

रांगेतल्या चौथ्या झाडावर एक अळी होती जिच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे कोष उभे चिकटले होते, दाटीवाटीने. काकूंना ती अंडी वाटली. ती अंडी नव्हती. कोटेसिया काँग्रेगाटा नावाची एक चिमुकली गांधीलमाशी अळी लहान असतानाच तिच्या अंगात अंडी घालते, आणि अंड्यांसोबत एक विषाणूही सोडते जो अळीची प्रतिकारशक्ती लुळी करतो. माशीची पिल्लं अळीच्या अंगातल्या द्रवावर वाढतात, नंतर तिची कातडी भोकसून बाहेर येतात आणि तिच्याच पाठीवर कोष विणतात. अळी त्यानंतरही काही दिवस जिवंत असते, पण खात नाही. फांदीला धरून नुसती बसते. तिच्याकडून आता नुकसान काहीच नाही, आणि तिच्या पाठीवर पुढच्या पिढीचे डझनावारी पहारेकरी आहेत. ती अळी मारणं म्हणजे आपलाच पहारा मोडणं. आम्ही ती होती तिथेच ठेवली, आणि काकूंनी त्या फांदीला लोकरीचा तुकडा बांधला, म्हणजे काका चुकून तोडणार नाहीत. आठवड्याच्या आत कोषांची टोपणं उघडलेली दिसली.

बाकीच्या हाताने वेचल्या. दिवसा त्या शोधताना डोळे दुखतात, म्हणून रात्री अतिनील टॉर्च घेऊन गेलो. या उजेडात टोमॅटोचा पाला काळपट जांभळा दिसतो आणि अळ्या हिरव्यागार चमकतात. ज्या झाडावर दिवसा काहीच नाही अशी काकांची खात्री होती, त्यावरही निघाल्या. अळी ओढून काढायची नाही. तिचे मागचे पाय देठाला घट्ट पकडून असतात आणि ओढली तर फाटते. तिच्या मागच्या बाजूने बोट लावून एकेक पकड सोडवायची. बऱ्याचशा साबणाच्या पाण्यात गेल्या. हे सुखद काम नाही, आणि मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

‘‘थोड्या दुसऱ्या झुडपावर सोडू या की,’’ काकूंनी सुचवलं. सोडता येतील, पण कुठल्याही झुडपावर नाही. अंड्यातून नुकती निघालेली अळी बरंच काही खायला तयार असते. एकदा टोमॅटोच्या कुळाचं पान खाल्लं की तिची जीभ त्यातल्या एका द्रव्याला, इंडियोसाइड डीला, बांधली जाते, आणि मग ते ज्या पानात नाही ते पान ती उपाशी राहूनही खात नाही. 2001 मध्येच हे शोधून काढलं गेलं. म्हणजे तिला गुलाबावर सोडणं हे दयेचं काम नाही, ती उपासमार आहे. रांगेच्या शेवटचं एक टोमॅटोचं झाड करप्याने जवळजवळ गेलेलंच होतं. ते झाड काकूंनी तीन अळ्यांना देऊन टाकलं.

वेचणी झाल्यावर दोन्ही बोडक्या झाडांना पंधरवड्यात नवे शेंडे फुटले. टोमॅटोचं झाड वरचा पाला गेल्याने मरत नाही, त्याचा मूळ जोर शाबूत असतो. नुकसान झालं ते वेगळ्या वाटेने. सावली गेल्याने वरची हिरवी फळं उन्हात उघडी पडली आणि त्यांच्यावर पांढुरके, कागदासारखे चट्टे आले. ती टाकावी लागली. हे आधी सुचलं असतं तर जुन्या ओढणीची तात्पुरती सावली करता आली असती. वांग्यांवर दोनच लहान अळ्या मिळाल्या.

शरद ऋतूतलं काम माझ्या मते जुलैमधल्या वेचणीइतकंच मोलाचं होतं, आणि तिथे दोन पतंगांमधला फरक पुन्हा कामाला आला. मॅन्ड्यूकाची अळी जमिनीत दहा-पंधरा सेंटिमीटर खोल जाऊन कोष करते आणि हिवाळा तिथेच काढते. दिवस लहान होत गेले की कोषाची वाढ आपोआप थांबते. हेमारिस जमिनीच्या वर, पडलेल्या पाल्यात पातळसा कोष विणतो. काका दर वर्षी दोन्हीकडे एकच नियम लावायचे: कुंपणाखालचा पाला झाडून पिशव्यांत भरायचा आणि वाफ्याला हात लावायचा नाही. म्हणजे नेमकं उलटं. टोमॅटोच्या अळ्यांना निवांत हिवाळा आणि निरपराध हेमारिसला कचऱ्याची पिशवी. या वेळी टोमॅटोची माती फावड्याने खालवर केली आणि हनीसकलखालचा पाला तसाच राहू दिला. माती उलटताना पाचेक सेंटिमीटरचे, तपकिरी, चकचकीत कोष निघाले. त्यांना एका बाजूला सोंडेची वेगळी, बाहेर वळलेली कमान असते, त्यामुळे दुसरं काही असल्याची शंका राहत नाही. हातात घेतला की मागचं टोक हलतं. काकूंच्या हातून पहिला कोष त्यामुळेच सुटला.

पुढच्या वर्षी या वाफ्यात अळ्या कमी आल्या. त्याचं श्रेय माती उलटण्याला द्यावं की गांधीलमाशीला की नुसत्या योगायोगाला, हे एका वाफ्यावरून आणि एका हंगामावरून ठरत नाही. पतंग बाहेरूनही येतातच. बदलली ती पाहण्याची वेळ. काकू आता जूनमध्येच आठवड्यातून दोनदा पानं उलटून बघतात, अंडी बोटाने चिरडतात, आणि सुपारीएवढी लेंडी दिसेपर्यंत थांबत नाहीत. (लेंडी सुपारीएवढी नसते. पण काकूंच्या सांगण्यात ती दर वर्षी वाढते.) लहान अळ्या फार झाल्या तर वापरायची म्हणून बीटीची बाटली अजून कपाटात आहे, न उघडलेली.

ओळखीची खात्री मात्र अगदी शेवटी झाली. खोदलेल्या कोषांतला एक काकूंनी दमट मातीच्या डब्यात घालून, न तापवलेल्या गॅरेजमध्ये हिवाळाभर ठेवला होता. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यातून पतंग निघाला आणि डब्याच्या जाळीला लटकून पंख वाळवत बसला. आम्ही पोटावरचे ठिपके मोजले. सहा जोड्या. टोमॅटो हॉर्नवर्म असता तर बहुधा पाचच भरल्या असत्या. म्हणजे सात रेघांवरून काढलेला निष्कर्ष बरोबर होता. संध्याकाळी त्याला सोडायची वेळ आली तेव्हा काकांनी आग्रहाने डबा घराच्या पुढच्या अंगणात नेला, टोमॅटोपासून होईल तेवढा लांब. पतंगाने अंग तापवलं, उठला, छपरावरून वळला आणि सरळ मागच्या बाजूला गेला.